पाव मैलाची चिठ्ठी: मस्टँग, कॅमॅरो, चॅलेंजर आणि जाहिरातीतले घोडे

प्रश्न थोडक्यात असा: ह्यूस्टनला नोकरी आहे, वापरलेली व्ही-८ गाडी घ्यायची आहे. २०१८-१९ च्या आसपासची मस्टँग जीटी, कॅमॅरो एसएस आणि डॉज चॅलेंजर स्कॅट पॅक या तिघींवर मन आहे. पण दर व्हिडिओत वेगळीच गाडी जिंकते, आणि मासिकांचे आकडेही एकमेकांशी जुळत नाहीत. मग खरी वेगवान कुठली? आणि शेवटी एक उपप्रश्न: भारतात मिळायची ती मस्टँग हीच का?

सरळ रस्त्यावर मस्टँग आणि कॅमॅरो बरोबरीत, चॅलेंजर थोडी मागे, आणि वळणं सुरू झाली की कॅमॅरो दोघींना सोडून जाते. घाईत असाल तर एवढं पुरे. मी डेट्रॉइटच्या परिसरात इंजिन चाचणीचं काम करतो आणि सुटीच्या दिवशी स्वतःच्या पैशाने ड्रॅग स्ट्रिपवर (पाव मैलाच्या सरळ शर्यतीच्या पट्ट्यावर) टायर जाळतो, त्यामुळे हे आकडे एकमेकांशी का भांडतात ते सविस्तर सांगायचा मोह आवरत नाही.

तिन्ही गाड्यांचे कागदावरचे घोडे, म्हणजे अश्वशक्ती, बघा. मस्टँग जीटी ४६०, कॅमॅरो एसएस ४५५, स्कॅट पॅक ४८५. नुसतं हे वाचणारा चॅलेंजर उचलेल. आता वजन घाला. चालकाला धरून मस्टँग साधारण ३,९०० पाउंड, कॅमॅरो त्याहून जराशी हलकी, आणि चॅलेंजर ४,४०० च्या घरात. ड्रॅग स्ट्रिपवरच्या लोकांकडे एक जुनं सूत्र आहे: अश्वशक्तीला चालकासकट वजनाने (पाउंडांत) भागायचं, त्याचं घनमूळ काढायचं आणि २३४ ने गुणायचं. येतो तो पाव मैल संपतानाचा वेग, ताशी मैलांत. मस्टँग ११५ च्या किंचित खाली येते, कॅमॅरो ११४.५, चॅलेंजर ११२. आजच्या गाड्या प्रत्यक्षात या हिशेबापेक्षा एक-दोन मैल जास्तच काढतात, पण तिघींमधलं अंतर साधारण एवढंच राहतं. मस्टँग-कॅमॅरोमध्ये अर्ध्या मैलाचाही फरक नाही. एवढा फरक चालकाने सकाळी काय खाल्लं यावरसुद्धा पडतो.

व्हिडिओंत मात्र कुणीतरी एक गाडीभर अंतराने जिंकतं, ते कसं?

पाव मैल धावून आलात की खिडकीतून एक कागदी चिठ्ठी हातात देतात. तिच्यावर बरेच आकडे असतात, पण लोक फक्त एकच मोठ्याने वाचून दाखवतात: एकूण वेळ. मी आधी शेवटचा वेग बघतो, ज्याला इथे ट्रॅप स्पीड म्हणतात. एकूण वेळेत टायरची पकड, क्लच सोडण्याची लकब, ट्रॅकवर किती चिकट द्रव फवारलाय, सगळं मिसळलेलं असतं. ट्रॅप स्पीडमध्ये ही भेसळ फार कमी. चाकं सुरुवातीला गरागरा फिरून सेकंदाचा बट्ट्याबोळ झाला तरी इंजिनात दम असेल तर शेवटचा वेग जवळजवळ तोच येतो. म्हणून दोन गाड्यांची ताकद जोखायची असेल तर ट्रॅप स्पीड, आणि चालक व टायर जोखायचे असतील तर पहिल्या साठ फुटांची वेळ. साठ फुटांत एक दशांश सेकंद वाचवला तर शेवटी साधारण दीड दशांश वाचतो. बहुतेक व्हिडिओंमधली 'हार' या साठ फुटांतच झालेली असते, आणि ती मस्टँगने किंवा कॅमॅरोने नव्हे, ड्रायव्हरने ओढवून घेतलेली असते.

त्यातही २०१८ नंतरच्या मस्टँगला एक फायदा आहे, तिचा दहा गिअरचा ऑटोमॅटिक. इंजिनाला ७,४०० आरपीएमपर्यंत ताणायला आवडतं, आणि इतके जवळजवळचे गिअर असल्याने ते त्या वरच्या पट्ट्यातून खाली पडतच नाही. त्या काळातली कॅमॅरो एसएस आठ गिअरवर होती, तिला दहा गिअर २०१९ मध्ये मिळाले. गंमत म्हणजे हा दहा गिअरचा डबा मस्टँगवाल्या फोर्डने आणि कॅमॅरोवाल्या जनरल मोटर्सने मिळून विकसित केलेला आहे. डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर सिग्नलला शेजारी उभे राहून एकमेकांकडे खुन्नसने बघणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं, देव जाणे.

० ते ६० मैलांचा आकडा तर मी सरळ बाजूला ठेवतो. अमेरिकेतली मासिकं ड्रॅग स्ट्रिपचीच पद्धत वापरून पहिला एक फूट सोडून देतात. त्याला रोलआउट म्हणतात. गाडी एक फूट सरकली की मग घड्याळ सुरू. त्यातून पाव सेकंदाच्या आसपास सुटतो. युरोपातल्या चाचण्यांत बहुधा ही सवलत नसते. डॉजने २०२३ मध्ये चॅलेंजर डेमन १७० साठी १.६६ सेकंद जाहीर केले, ते रोलआउट वजा करून आणि तयार केलेल्या ट्रॅकवर. आकडा खोटा नाही, पण तुमच्या गल्लीतल्या डांबरावर तो कधी दिसणार नाही.

हवाही लक्षात घ्या. ह्यूस्टन समुद्रसपाटीला आहे खरं, पण उन्हाळ्यात ३५ अंशांवर तिथली हवा इतकी विरळ असते की इंजिनाला आपण दोन-अडीच हजार फुटांवर आहोत असं वाटतं. सुपरचार्जर (जादा हवा दाबून भरणारं यंत्र) नसलेलं इंजिन दर हजार फुटांमागे तीनेक टक्के ताकद गमावतं. म्हणजे ऑगस्टमधल्या दुपारी तुमच्या गाडीचा ट्रॅप स्पीड अडीच-तीन मैलांनी उतरणार, आणि मिशिगनमध्ये ऑक्टोबरच्या थंडीत पळालेल्या गाडीचा व्हिडिओ बघून तुम्ही स्वतःच्या गाडीला नावं ठेवणार. मासिकं हवामानाची दुरुस्ती करून आकडे छापतात, यूट्यूबवाले करत नाहीत. दोघांचे आकडे शेजारी मांडण्यात अर्थ नाही.

डायनोचंही, म्हणजे गाडीची ताकद मोजायच्या यंत्राचंही, तसंच. चाकांवर मोजलेली ताकद इंजिनाच्या ताकदीपेक्षा बारा ते पंधरा टक्क्यांनी कमी येते, हे बहुतेकांना माहीत असतं. पण एकीकडे नुसता जड रोलर फिरवणारा डायनो असतो, दुसरीकडे गाडीवर भार टाकणारा, आणि पहिला नेहमी दुसऱ्यापेक्षा उदार असतो. तेव्हा दोन शहरांतल्या दोन डायनोंचे कागद घेऊन भांडू नका. एकाच डायनोवर, एकाच दिवशी, दोन्ही गाड्या. मग बोला.

हे आकड्यांचं राजकारण आजचं नाही. मसल कारचा, म्हणजे साध्या गाडीत मोठं इंजिन घातलेल्या या जातीचा, जन्मच त्यात झाला. जनरल मोटर्सच्याच पाँटिॲक शाखेची १९६४ ची जीटीओ घ्या. जनरल मोटर्सचा नियम होता की मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. पाँटिॲकचा मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ३८९ घनइंचांचं इंजिन टेम्पेस्ट लमाँमध्ये 'पर्याय' म्हणून घुसवलं. पर्यायाला नियम लागू नव्हता. तीन कार्ब्युरेटर घेतले तर ३४८ अश्वशक्ती. त्या वर्षी मार्चमध्ये 'कार अँड ड्रायव्हर' मासिकाने तिची तुलना थेट फेरारी जीटीओशी केली. गाड्या समोरासमोर कधी आल्याच नाहीत, पण मुखपृष्ठाने काम केलं. पाँटिॲकचा छापलेला आकडा: पाव मैल १३.१ सेकंद, शेवटी ११५ मैल.

आता मघाचं सूत्र उलटं चालवा. ३,८०० पाउंड धरले तर ११५ मैलांसाठी इंजिनाने साडेचारशे घोडे द्यायला हवेत. ३४८ मध्ये हे होत नाही, आणि तेही त्या काळच्या उदार मोजणीतले ३४८. पाँटिॲकच्या जाहिरातीचं काम पाहणाऱ्या जिम वँगर्सने पुढे कित्येक वर्षांनी कबूल केलं की त्या गाडीत ३८९ नव्हतंच, ४२१ घनइंचांचं इंजिन होतं. कबुलीची वाट बघायची गरज नव्हती. ट्रॅप स्पीड पहिल्या दिवसापासून सांगत होता.

'उदार मोजणी' म्हणजे काय तेही सांगतो, कारण जुन्या-नव्या गाड्यांची तुलना करणारे नव्वद टक्के लोक इथे घसरतात. १९७१ पर्यंत कारखाने 'ग्रॉस' अश्वशक्ती जाहीर करायचे. इंजिन स्टँडवर, अल्टरनेटरचा भार नाही, हवेचा फिल्टर नाही, गाडीचा सायलेन्सर नाही. आंब्याचं वजन पेटीसकट करावं तसं. १९७२ पासून 'नेट' मोजणी आली: गाडीत बसतं तसं सगळं सामान लावून. १९७१ ला दोन्ही आकडे मिळतात, म्हणून ते वर्ष फार उपयोगाचं. कॉर्व्हेटचं एलटी-१ इंजिन ग्रॉस ३३०, नेट २७५. क्रायस्लरचं ४२६ हेमी ग्रॉस ४२५, नेट ३५०. इंजिनात स्क्रूसुद्धा हलला नव्हता. तेव्हा १९७० च्या शेव्हरोले शेव्हेलचे ४५० घोडे अलीकडच्या कॅमॅरो एसएसच्या ४५५ च्या शेजारी बांधू नका. अलीकडची गाडी त्या जुन्या राणीला निवांत मागे टाकते, आणि परतीच्या वाटेवर एसीही चालू असतो.

पण गोष्ट इतकीही सरळ नाही. काही इंजिनांच्या बाबतीत कारखाने उलट बाजूने खोटं बोलत. मुख्य कारणं दोन: जास्त अश्वशक्तीच्या गाडीला विमा कंपन्या जास्त हप्ता लावत, आणि ड्रॅग रेसिंगचे वर्ग जाहीर अश्वशक्ती आणि वजन यांच्या हिशेबाने ठरत. कमी सांगितलं तर हलक्या वर्गात जाऊन जिंकता येई. १९६८ चं फोर्डचं ४२८ कोब्रा जेट हा त्याचा उत्तम नमुना. ऱ्होड आयलंडमधला डीलर बॉब टास्का फोर्डच्या मागे लागला होता की मस्टँग रस्त्यावर मार खातेय, काहीतरी करा. त्यातून आलेल्या या इंजिनाची जाहीर ताकद होती ३३५. 'हॉट रॉड' मासिकाने ती मस्टँग पाव मैल पळवली: १३.५६ सेकंद, १०६.६४ मैल. ३,७०० पाउंड धरून हिशेब केला तर सूत्र ३५० देतं. म्हणजे पेटीसकट ३३५ सांगितलेले आंबे पेटीशिवायच ३५० भरले. त्या वर्षी कॅलिफोर्नियात पोमोनाच्या विंटरनॅशनल्समध्ये या मस्टँगांनी धुमाकूळ घातला, आणि मग ड्रॅग रेसिंगच्या संघटनेने कारखान्याचा आकडा बाजूला ठेवून स्वतःचा आकडा लावायला सुरुवात केली.

१९६७ च्या कॅमॅरो झेड/२८ चे २९० घोडे अशाच जातीचे. ते ५,८०० आरपीएमला जाहीर केलेले होते, तर इंजिनाची खरी मजा त्याच्या बऱ्याच वर सुरू व्हायची. दोन वर्षांनी आलेल्या बॉस ३०२ मस्टँगचा आकडाही नेमका २९०. हा योगायोग मानायला मी तयार नाही.

नव्वदच्या दशकातही हेच. १९९८ च्या कॅमॅरोला ३०५ आणि त्याच कंपनीच्या महागड्या कॉर्व्हेटला ३४५ घोडे होते, इंजिन जवळजवळ एकच. कॅमॅरो डायनोवर चढवली की चाकांवरच तीनशेच्या जवळ जायची. घरच्या थोरल्या मुलाचा मान राखायचा होता, दुसरं काय. याच्या उलट १९९९ ची मस्टँग कोब्रा: जाहिरातीत ३२०, मालकांनी डायनोवर चढवली तर तेवढे घोडे सापडेनात. फोर्डला विक्री थांबवून गाड्या परत बोलवाव्या लागल्या, एक्झॉस्ट आणि इनटेकमध्ये दुरुस्त्या झाल्या, आणि २००० साली नेहमीची कोब्रा निघालीच नाही. २००५ पासून साक्षीदारासमोर मोजून प्रमाणित करायची पद्धत आल्यावर हे खेळ बरेच कमी झाले. तुमच्या तिन्ही गाड्यांचे आकडे म्हणूनच मी बऱ्यापैकी विश्वासाने वापरले.

आता वळणं. मसल कार म्हणजे फक्त सरळ धावणारी गाडी, हा समज मस्टँग आणि कॅमॅरोच्या बाबतीत पहिल्यापासून चुकीचा आहे. यांची खरी जुंपली ती ट्रान्स-ॲम मालिकेत, वळणावळणाच्या ट्रॅकवर, पाच लिटरच्या मर्यादेत. झेड/२८ चं ३०२ घनइंचांचं इंजिन त्या मर्यादेत बसावं म्हणूनच जन्मलं: ३२७ चा ब्लॉक आणि २८३ चा क्रँक. १९६६ आणि ६७ चं उत्पादकांचं विजेतेपद मस्टँगकडे. मग रॉजर पेन्स्कीच्या संघातून मार्क डॉनह्यू उतरला आणि ६८, ६९ कॅमॅरोने नेलं. १९७० ला बड मूरच्या संघाने पार्नेली जोन्सला बॉस ३०२ देऊन ते परत आणलं. माझ्या मते या वैराचा सर्वांत देखणा काळ हाच. तिथे जाहिरातीतले घोडे कुणी विचारत नव्हतं, फेरीची वेळ विचारत होते.

तुमच्या यादीतल्या कॅमॅरोत तोच वारसा जास्त उतरलाय. २०१६ ची सहावी पिढी जनरल मोटर्सच्या अल्फा या सांगाड्यावर आहे, जो मुळात कॅडिलॅकच्या छोट्या सेडानसाठी केला होता. हलका, ताठ, आणि स्टिअरिंग असं की पुढची चाकं कुठे आहेत ते हाताला कळतं. १एलई पॅकेजची, म्हणजे ट्रॅकसाठी सज्ज केलेली, एसएस मिळाली तर डोळे मिटून घ्या. मस्टँगला मागे स्वतंत्र सस्पेन्शन २०१५ पासून सरसकट मिळालं आणि ती खूप सुधारली, पण सलग वळणांवर तिचं अंग अजून डुलतं. चॅलेंजरबद्दल काय बोलावं? लांबच्या हायवेला तिच्यासारखी बैठक नाही, मागे खरंच माणसं बसतात, पण ट्रॅकवर चौथ्या फेरीत ब्रेक दया मागतात.

जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग ट्रॅकच्या वेळा वाचताना मात्र सावध राहा. कॅमॅरो झेडएल१ १एलईने २०१७ ला ७ मिनिटं १६.०४ सेकंद नोंदवले, ते २०.६ किलोमीटरच्या फेरीवर. २०१९ पासून पूर्ण २०.८३२ किलोमीटरची वेळ अधिकृत धरतात. मस्टँग जीटीडीने सात मिनिटांच्या आत येऊन दाखवलं ते या पूर्ण फेरीवर. पण ती ८१५ घोड्यांची आणि तीन लाख डॉलरहून महाग गाडी. तिच्याशी कॅमॅरोची तुलना करणं हे वैर नव्हे, चेष्टा आहे.

सुपरचार्जरवाल्यांची शर्यत मी चटकन सांगतो, कारण तुमच्या बजेटबाहेरची आहे. २०१२ ला कॅमॅरो झेडएल१ ५८० घोड्यांवर, लगेच मस्टँगची शेल्बी जीटी५०० ६६२ वर, मग २०१५ ला चॅलेंजर हेलकॅट ७०७ वर. २०१८ च्या डेमनने पाव मैल ९.६५ सेकंदांत काढला, ड्रॅगसाठीच बनवलेल्या ३१५ रुंदीच्या टायरांवर. इथे पुन्हा तेच: याच गाडीला साधे टायर लावून बघा, साडेनऊ सेकंद धुरात जातील. चॅलेंजरने वजनाचं उत्तर घोड्यांनी दिलं आणि लोकांना ते आवडलं. २०२१ मध्ये अमेरिकेत चॅलेंजर ५४ हजारांवर विकली गेली, मस्टँग ५२ हजारांवर, आणि तिघींत सर्वांत चांगली चालणारी कॅमॅरो २२ हजारही नाही. कारणं मला तिच्यात बसल्यावर दर वेळी दिसतात, किंबहुना दिसत नाहीत. खिडक्या इतक्या चिंचोळ्या आहेत की शेजारच्या लेनमधला ट्रक अंदाजाने ओळखावा लागतो. डिसेंबर २०२३ मध्ये कॅमॅरो आणि चॅलेंजर दोन्हींचं उत्पादन थांबलं.

तुमच्या जागी मी असतो तर रोज ऑफिसला याच गाडीने जायचं आहे का, हे आधी ठरवलं असतं. रोजची असेल तर २०१८ किंवा नंतरची मस्टँग जीटी, दहा गिअरची. महिन्यातून एकदा ट्रॅकवर जाणार असाल तर कॅमॅरो एसएस १एलई. घरी दोन मुलं असतील तर स्कॅट पॅक, आणि पाव मैलाचं विसरा. कुठलीही घ्या, टायरच्या बाजूवरचा चार अंकी तारखेचा शिक्का वाचा. पहिले दोन अंक आठवडा, पुढचे दोन वर्ष. सहा वर्षांचे कडक झालेले टायर घालून विकायला ठेवलेल्या गाड्या सर्रास मिळतात, आणि त्यांच्यावर कुठलीच तुलना खरी ठरत नाही.

राहिली भारताची मस्टँग. ती हीच सहावी पिढी, मिशिगनमधल्या फ्लॅट रॉकच्या कारखान्यातली, आणि कारखान्यातूनच उजव्या हाताचं स्टिअरिंग घेऊन निघालेली पहिली मस्टँग पिढी. २०१६ मध्ये दिल्लीत एक्स-शोरूम ६५ लाखांना आली. पण ती २०१८ च्या आधीची: सहा गिअरचा ऑटोमॅटिक आणि त्या वर्षी अमेरिकेत ४३५ घोडे असलेलं इंजिन, जे भारतासाठी चारशेच्या आसपास जाहीर झालं. बीएस-६ च्या वेळी ती गेली. कॅमॅरो आणि चॅलेंजर भारतात अधिकृतपणे कधी आल्याच नाहीत. पेट्रोलच्या आकड्यांतही घोळ होतो. भारतातल्या पंपावर 'रिसर्च' पद्धतीचा ऑक्टेन लिहितात, अमेरिकेत दोन पद्धतींची सरासरी. त्यामुळे ह्यूस्टनच्या पंपावरचं ९३ म्हणजे भारतातलं साधारण ९८, आणि पुण्यातलं ९५ म्हणजे इथलं नव्वद-एक्क्याण्णव. ४६० घोडे फोर्डने प्रीमियम पेट्रोलवर मोजलेत. तुम्ही ८७ भरलंत तरी गाडी चालेल, पण इंजिन स्वतःला सांभाळण्यासाठी ठिणगी उशिरा टाकेल आणि काही घोडे तबेल्यातच राहतील.